हवेतला ओलावा मोजणारा सेन्सर: नॅनोमटेरियलमुळे तो नेमका कसा सुधारतो?

आमचं घर खामगाव तालुक्यात, म्हणजे बुलढाणेकरांच्या भाषेत 'घाटाखाली'. दोन वर्षांपूर्वी मी घरच्या सोयाबीनच्या बियाण्यासाठी एक 'स्मार्ट' जुगाड केला होता. बियाण्याच्या खोलीत एक स्वस्तातला आर्द्रतेचा सेन्सर लावला, तो वायफायला जोडला आणि आकडा थेट फोनवर यायला लागला. ऑक्टोबरमध्ये मळणी झाली, पोती खोलीत गेली, त्यानंतर परतीच्या पावसाने आठवडाभर झोडपलं. फोनवर मात्र ५५ टक्के, ५७ टक्के असेच आकडे दिसायचे. मी निवांत होतो.

मे महिन्याच्या शेवटी बाबांनी नेहमीसारखी उगवण तपासली. शंभर दाणे मोजून ओल्या बारदान्यात गुंडाळले आणि आठ दिवसांनी उघडले. ५८ उगवले होते. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. बाबा एवढंच म्हणाले, "तुह्या यंत्राले विचार नं, काऊन उगलं नाही ते."

मग मी खरंच यंत्राला विचारलं. म्हणजे त्या सेन्सरची परीक्षा घेतली. ती घरच्या घरी कशी घ्यायची ते पुढे सांगतोच. निकाल असा होता की हवेत ७५ टक्के आर्द्रता असताना तो ६६ दाखवत होता. वरून मी तो टांगला होता टिनाच्या पत्र्याजवळ, जिथे हवा गरम असते, आणि पोती होती खाली भिंतीच्या कोपऱ्यात. उगवण कमी व्हायला ओलावा हे एकच कारण नव्हतं. सोयाबीनच्या दाण्याचं साल नाजूक असतं, मळणीयंत्राचा मारही लागतो. पण फोनवरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला, ही चूक माझीच.

त्यानंतर मी या सेन्सरच्या मागे लागलो. तो आतून कसा चालतो, चुकतो का, आणि 'नॅनोमटेरियल' वापरून संशोधक त्याला कसं सुधारतात? या लेखात तेच सोप्या भाषेत बघू.

आधी एक प्रश्न: तुमच्या फोनमध्ये हा सेन्सर आहे का?

बहुतेक नाहीच. फोनवरचं हवामान अ‍ॅप 'ह्युमिडिटी ७८%' दाखवतं, तो आकडा इंटरनेटवरून येतो. जवळचं हवामान केंद्र आणि संगणकाचं गणित यातून तो काढलेला असतो. तुमच्या खोलीतली, गोदामातली किंवा फ्रीजमागची हवा त्या अ‍ॅपला माहीत नसते.

बुलढाणा जिल्ह्यात हा फरक आणखी जाणवतो. बुलढाणा शहर घाटावर, मलकापूर-नांदुरा घाटाखाली. राजूर घाट उतरला की पाऊण तासात हवाच बदलते. जिल्ह्याचा एकच आकडा दोन्हीकडे कसा लागू पडेल?

फोनमध्ये हा सेन्सर कधीच नव्हता असंही नाही. २०१३ साली आलेल्या सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ मध्ये तापमान आणि आर्द्रता मोजणारा सेन्सर होता. पुढच्या एस५ मध्ये तो काढून टाकला. अँड्रॉइडमध्ये सापेक्ष आर्द्रतेच्या सेन्सरसाठी सोय आजही आहे, पण सेन्सरच नसेल तर ती सोय रिकामीच राहते. फोनच्या आत ठेवलेल्या सेन्सरची एक मूळ अडचण समजण्यासारखी आहे: प्रोसेसर आणि बॅटरी गरम होतात, खिशातला घाम आणि हाताची ऊब असते. सेन्सर मग खोलीची नाही, फोनच्या पोटातली हवा मोजतो.

चार्जिंग पोर्टमध्ये पाणी गेलं की येणारी सूचना ही वेगळी गोष्ट आहे. तिथे पोर्टच्या पिनांमधून नको तिथे वीज वाहते का, एवढंच तपासलं जातं. हवेतली आर्द्रता त्यात मोजली जात नाही.

आर्द्रता म्हणजे किती टक्के कशाचे?

'७० टक्के आर्द्रता' म्हणजे हवेत ७० टक्के पाणी, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ठराविक तापमानाला हवेत पाण्याची जास्तीत जास्त जेवढी वाफ राहू शकते, तिच्या ७० टक्के वाफ सध्या आहे, असा त्याचा अर्थ. म्हणून तिला सापेक्ष आर्द्रता म्हणतात.

तापमान वाढलं की वाफ मावण्याची जागाही वाढते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ राहू शकते, ३० अंशांना ३० ग्रॅम, तर ४० अंशांना ५१ ग्रॅमच्या आसपास.

आता माझ्या खोलीचा हिशेब करा. समजा एक घनमीटर हवेत १७ ग्रॅम वाफ आहे. पत्र्याजवळ ३० अंश तापमान असेल तर तिथे आर्द्रता सुमारे ५७ टक्के. तीच हवा खाली गार कोपऱ्यात २५ अंशांवर आली तर साधारण ७४ टक्के. आणि पहाटे २० अंशांपर्यंत गार झाली तर जवळजवळ शंभर टक्के, म्हणजे दव पडायची वेळ. पाण्याचा एक थेंबही बाहेरून आलेला नाही, तरी आकडा ५७ वरून शंभराकडे गेला.

बियाणं आजूबाजूच्या हवेतून ओलावा घेतं आणि सोडतं. हवा सतत ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की साठवलेल्या धान्यावर बुरशी वाढायला लागते. बियाणेशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे: दाण्यातला ओलावा १ टक्क्याने कमी केला की बियाण्याचं साठवण-आयुष्य साधारण दुप्पट होतं. देऊळगाव राजा परिसरात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर चालतं. तिथल्या माणसाला या एका टक्क्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

एक घोटाळा मात्र टाळा. मार्केट यार्डात दाण्याचं 'मॉइश्चर' मोजतात, ते दाण्यातलं पाणी असतं. सीसीआय कापूस घेते तेव्हा ८ ते १२ टक्के ओलावा बघते. सोयाबीनच्या हमीभाव खरेदीला १२ टक्क्यांची मर्यादा असते, ती २०२४ च्या खरीप मालासाठी केंद्र सरकारने १५ टक्क्यांपर्यंत वाढवली होती. हे आकडे मालाचे आहेत. आपण इथे बोलतोय ते हवेच्या आर्द्रतेबद्दल.

सेन्सरला ओलावा कळतो कसा?

सगळ्यात जुनी युक्ती केसाची. केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत त्याची लांबी दोन-अडीच टक्क्यांनी बदलते. स्वित्झर्लंडच्या सोस्युर यांनी १७८३ मध्ये केसाच्या आर्द्रतामापकाबद्दल सविस्तर लिहिलं. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत डनमोर यांनी लिथियम क्लोराईड हे मीठ वापरून विजेवर चालणारा आर्द्रतामापक मांडला. मीठ हवेतलं पाणी ओढतं, पाणी वाढलं की वीज सोपी वाहते. आजचे सेन्सरही याच विचाराचे वारस आहेत. त्यांचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा.

• कपॅसिटिव्ह: दोन विद्युतपट्ट्यांच्या मध्ये पॉलिमरचा पातळ थर असतो. विजेचा भार साठवायला मदत करण्याच्या गुणधर्माला परावैद्युतांक म्हणतात. तो पाण्याचा सुमारे ८० असतो, तर अशा पॉलिमरचा साधारण ३-४. त्यामुळे थरात थोडं जरी पाणी शिरलं तरी भार साठवण्याची क्षमता लगेच बदलते. चिप तो बदल मोजते. बाजारातले चांगले सेन्सर बहुतेक याच जातीचे.

• रेझिस्टिव्ह: इथे पदार्थातून वीज किती अडते ते मोजतात. कोरड्या हवेत अडथळा प्रचंड असतो, दमट हवेत तो हजारो पटींनी खाली येऊ शकतो. नॅनोमटेरियलवरचं बरंचसं संशोधन या प्रकारात चालतं, कारण असा सेन्सर बनवायला स्वस्त आणि मोजायला सोपा असतो.

रेझिस्टिव्ह सेन्सरमध्ये आत काय होतं, ते बघण्यासारखं आहे. झिंक ऑक्साईडसारख्या ऑक्साईडच्या पृष्ठभागावर पाण्याचे पहिले रेणू येतात ते घट्ट चिकटून बसतात. त्यांना हलता येत नाही, म्हणून वीज फारशी वाहत नाही. आर्द्रता वाढली की त्यावर दुसरा थर बसतो, मग तिसरा. हे वरचे थर सैल असतात. त्यांच्यातून प्रोटॉन एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर उडी मारत पुढे जातो. पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात ना, तसंच: माणूस जागेवर, बादली पुढे. या यंत्रणेची कल्पना ग्रोटुस यांनी १८०६ मध्येच मांडली होती, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

म्हणजे सगळा खेळ पृष्ठभागावरचा आहे. पाणी चिकटायला जागा जितकी जास्त, तितका सेन्सर संवेदनशील. नॅनो इथे कामाला येतं.

नॅनो केलं की फरक काय पडतो?

एक सेंटीमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याला सहा बाजू, म्हणून पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. आता त्याच ठोकळ्याचे १० नॅनोमीटर बाजूचे बारीक ठोकळे करा. एका बाजूवर दहा लाख ठोकळे बसतात, त्यामुळे एकूण पृष्ठभाग दहा लाख पट वाढतो: ६०० चौरस मीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर जवळपास सहा गुंठे! बोटाच्या पेरावर मावणाऱ्या तुकड्यातून सहा गुंठ्यांचा पृष्ठभाग निघतो. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटतात, त्यामुळे एवढा सगळा वापरात येत नाही, पण दिशा कळली असेल.

दुसरा फायदा कणांमधल्या पोकळ्यांचा. खूप बारीक छिद्रात पाण्याची वाफ शंभर टक्के आर्द्रता होण्याआधीच द्रव बनते. केल्विन यांच्या समीकरणाने २० अंश सेल्सिअसला हिशेब केला तर असं दिसतं:

• सुमारे १.५ नॅनोमीटर त्रिज्येची छिद्रं ५० टक्के आर्द्रतेला भरतात.
• सुमारे ४ नॅनोमीटरची छिद्रं ७५ टक्क्यांच्या आसपास.
• सुमारे १० नॅनोमीटरची छिद्रं ९० टक्क्यांच्या आसपास.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. सगळी छिद्रं एकाच मापाची असतील तर सेन्सर एका ठराविक आर्द्रतेला एकदम उडी मारेल आणि बाकी वेळ सुस्त राहील. लहान-मोठ्या छिद्रांचं योग्य मिश्रण असेल तर तो २० टक्क्यांपासून ९० टक्क्यांपर्यंत सारखा बदलत जाईल. म्हणून 'कण जितका बारीक तितका सेन्सर चांगला' हे अर्धंच खरं. फार बारीक छिद्रात शिरलेलं पाणी लवकर बाहेर पडत नाही. हवा कोरडी झाली तरी सेन्सर दमटच दाखवत राहतो. चढताना एक आकडा आणि उतरताना दुसरा, या दोषाला हिस्टेरेसिस म्हणतात.

तिसरा फायदा वेगाचा. थर पातळ असला की पाणी झटकन आत-बाहेर होतं. याचं एक भन्नाट उदाहरण फोन कंपनीचंच आहे. २०१३ मध्ये नोकियाच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी ग्राफीन ऑक्साईडचा अतिपातळ थर वापरून आर्द्रता सेन्सर बनवला. तो सुमारे ३० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यायचा. इतका वेगवान, की माणसाच्या श्वासातल्या ओलाव्याचे चढउतार त्याला टिपता येत होते. वेगवेगळ्या सुरात वाजवलेली शिट्टी त्याला ओळखता येते, असं त्यांनी दाखवलं. बाजारातल्या साध्या सेन्सरला यासाठी काही सेकंद लागतात.

हे पदार्थ बनवतात कसे?

'नॅनोमटेरियल सिंथेसिस' म्हटलं की पांढऱ्या सूटमधली माणसं डोळ्यांसमोर येतात. पण यातल्या काही पद्धती स्वयंपाकघराच्या शेजारच्या वाटतात. (घरी करून बघू नका. यात तीव्र रसायनं असतात.)

साका पाडणे. जस्ताच्या क्षाराच्या द्रावणात थेंब थेंब अल्कली सोडतात. दुधात लिंबू पिळल्यावर जसा चोथा वेगळा होतो, तसा पांढरा साका खाली बसतो. तो धुवून, वाळवून भट्टीत तापवला की झिंक ऑक्साईडची पूड मिळते. थेंब किती सावकाश सोडला, द्रावण किती गरम होतं, भट्टीचं तापमान किती होतं, यावर कणाचं माप ठरतं. भट्टी जास्त तापली तर कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि कमावलेला पृष्ठभाग हातचा जातो.

सोल-जेल. आधी पातळ द्रावण, मग ते हळूहळू घट्ट होऊन जेल, दही लागतं तसं. यात थर सारखा आणि पातळ बसवता येतो.

हायड्रोथर्मल. हा सरळ प्रेशर कुकरच. आतून टेफ्लॉन, बाहेरून स्टील असलेल्या बंद भांड्यात द्रावण कित्येक तास तापवतात. दाबाखाली कण वाढतात ते नुसते गोळे नसतात. काड्या, पाकळ्या, फुलं असे आकार मिळतात. काड्यांच्या मध्ये हवा खेळती राहते, त्यामुळे पाणी लवकर आत येतं आणि लवकर बाहेरही जातं.

पॉलिमर तयार करणे. अ‍ॅनिलिन आम्लात घेऊन थंड ठेवतात आणि त्यात ऑक्सिडीकारक टाकतात. काही वेळात गडद हिरवं पॉलिअ‍ॅनिलिन तयार होतं. हे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. ते साध्या तापमानाला काम करतं आणि वाकतं, म्हणून ऑक्साईडचे नॅनोकण त्यात मिसळून दोघांचे गुण एकत्र करायचा प्रयत्न बऱ्याच प्रयोगशाळा करतात.

पूड तयार झाली की ती बंधक पदार्थात मिसळून पेस्ट करतात आणि काचेवर किंवा अ‍ॅल्युमिनाच्या पट्टीवर जाळीतून छापतात. लग्नपत्रिकेचं स्क्रीन प्रिंटिंग बघितलं असेल, तीच पद्धत. खाली दोन कंगव्यांचे दात एकमेकांत अडकवल्यासारखे विद्युतपट्टे असतात, ते अनेकदा चांदीच्या पेस्टचे. खामगावला रजतनगरी म्हणतात. तिथल्या सराफ्यात बसून हे वाचणाऱ्याला गंमत वाटेल की सेन्सरच्या पोटातही तीच चांदी आहे, फक्त कणभर.

हे काम फक्त परदेशात चालतं असं समजू नका. बुलढाणा जिल्हा ज्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो, त्याच अमरावतीतल्या एस. पी. यावले, एस. एस. यावले आणि जी. टी. लामधाडे यांचा टिन ऑक्साईड आणि झिंक ऑक्साईडच्या आर्द्रता सेन्सरवरचा शोधनिबंध २००७ मध्ये 'सेन्सर्स अँड अ‍ॅक्च्युएटर्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील यांच्या नॅनोमटेरियल प्रयोगशाळेने जाड थराच्या वायू सेन्सरवर वर्षानुवर्षं काम केलं. वायू ओळखणं आणि ओलावा ओळखणं या दोन्ही कामांत पदार्थ, छपाई आणि मोजणीची पद्धत बरीचशी सारखी असते. अशा सेन्सरसाठी भट्टी, छपाईची जाळी, एक चांगला मीटर आणि भरपूर चिकाटी लागते. बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्यांसाठी हा विषय खरंच हाताशी आहे.

प्रयोगशाळेत भारी, मग बाजारात का नाही?

शोधनिबंधात 'संवेदनशीलता हजार पट' असं वाचलं की वाटतं, उद्या सकाळी हा सेन्सर दुकानात येणार. पण आकडा मोठा असणं आणि आकडा भरवशाचा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडचणी अशा येतात:

• घसरण. महिने गेले की सेन्सरचा आकडा हळूहळू सरकतो. धूळ, फवारणीच्या औषधांची वाफ, स्वयंपाकाचा धूर हे सगळं पृष्ठभागावर बसतं. सहा गुंठ्यांचा पृष्ठभाग पाण्याला जसा मोकळा, तसा घाणीलाही मोकळाच.
• तापमान. सापेक्ष आर्द्रता तापमानावर अवलंबून असते. २५ अंशांच्या आसपास ८० टक्के आर्द्रता असताना तापमान एका अंशाने चुकलं तर आर्द्रतेत जवळपास ५ टक्क्यांची चूक होते.
• दुसरे वायू. अमोनियासारखे वायूही याच पदार्थांना चिकटतात. गोठ्याजवळ टांगलेला सेन्सर ओलाव्याबरोबर अमोनियालाही प्रतिसाद देऊ शकतो.
• एकासारखा दुसरा. एक उत्तम सेन्सर बनवता येतो. पण दहा हजार सेन्सर बनवले आणि सगळ्यांनी एकच आकडा दाखवला, असं जमवणं फार कठीण. भट्टी थोडी जास्त तापली की छिद्रांचं मिश्रण बदललं.

म्हणून सिंथेसिस सुधारणं म्हणजे नुसते कण बारीक करणं नाही. दर वेळी तेच माप, तीच छिद्रं, तोच थर मिळाला पाहिजे. पदार्थात दुसऱ्या धातूचे थोडे अणू मिसळणं, वरून ओलावा जाऊ देणारा पण धूळ अडवणारा थर लावणं, सेन्सरला अधूनमधून तापवून साफ करणं असे उपाय त्यासाठी करतात. शेवटचा उपाय तर बाजारातल्या काही चिपमध्ये आधीच आहे. त्यांच्या आत छोटा हीटर असतो.

घरच्या घरी तपासा: मिठाची परीक्षा

आता माझ्या सेन्सरची चूक मला कशी कळली ते सांगतो. साध्या मिठाचा ओला चिखल बंद डब्यात ठेवला की आतल्या हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. २५ अंशांना अचूक आकडा ७५.३. तापमान थोडं वर-खाली झालं तरी तो फारसा हलत नाही. प्रयोगशाळेतही सेन्सर तपासायला अशीच क्षारांची द्रावणं वापरतात.

१. बाटलीच्या झाकणात दोन चमचे बारीक मीठ घ्या. थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळू देऊ नका.

२. झाकण आणि सेन्सर एका घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात शेजारी ठेवा. मीठ सेन्सरला लागता कामा नये. वायर असलेला सेन्सर असेल तर वायरची फट चिकटपट्टीने बंद करा.

३. डबा रात्रभर सावलीत, तापमान फार बदलणार नाही अशा जागी ठेवा. सकाळी न उघडता आकडा बघा.

४. ७५ च्या जवळ असेल तर ठीक. माझ्यासारखा ६६ आला तर तो किती कमी दाखवतो ते चिठ्ठीवर लिहून सेन्सरला चिकटवा.

दोन सूचना. जाडं खडेमीठ वापरू नका. त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते जास्त पाणी ओढतात आणि आकडा बिघडवतात. (पावसाळ्यात खडेमिठाला पाणी सुटतं ते याचमुळे.) आणि ७५ ला ९ टक्क्यांची चूक आहे म्हणजे ३० लाही तेवढीच असेल असं धरू नका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियम क्लोराईड मिळालं तर त्याच्या चिखलावर ३३ टक्क्यांची दुसरी तपासणी करता येते.

मग सेन्सर कोणता घ्यावा?

प्रोजेक्टसाठी डीएचटी११ स्वस्त आहे, पण त्याच्या माहितीपत्रकातच अचूकता अधिक-उणे ५ टक्के दिलेली असते. डीएचटी२२ आणि एसएचटी३१ साठी ती साधारण २ टक्के, बीएमई२८० साठी ३ टक्के. शाळेच्या प्रदर्शनाला पहिला चालेल. बियाणं, औषधं किंवा कॅमेऱ्याची लेन्स सांभाळायची असेल तर दुसऱ्या गटातला घ्या. कोणताही घेतला तरी वर्षातून एकदा मिठाची परीक्षा घ्या, आणि सेन्सर तिथेच ठेवा जिथे वस्तू आहे. पत्र्याखाली नको, उन्हात नको.

मी आता दोन सेन्सर लावलेत, एक वर आणि एक खाली पोत्यांच्या थप्पीजवळ. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर. खालचा सेन्सर ६५ च्या वर गेला की फोन वाजतो आणि कोरड्या दुपारी खिडक्या उघडल्या जातात. यंदा मळणीच्या वेळी मशीनचा वेगही कमी ठेवला.

गेल्या मे महिन्यात बाबांनी पुन्हा शंभर दाणे बारदान्यात गुंडाळले. आठ दिवसांनी ७९ उगवले. बाबांनी बारदाना झटकला आणि म्हणाले, "यंत्र राहू दे भिंतीले. पण दाणे मी मोजतच जाईन." मला ते पटलं.